गणपतीच्या शाळेचं अनुदान

आमच्या भागात गणपती जिथे घडतात त्या जागेला शाळा म्हणतात. तिथे फळा नसतो, घंटा नसते, मास्तर नसतो, तरी ती शाळाच. माळेवाडीची शाळा बाबली मेस्त्रीच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या कौलारू खोपीत भरायची. बाबली जातीचा सुतार. वर्षभर दारं, खिडक्या, पाळणे, नांगर करायचा आणि आषाढ लागला की रंधा खुंटीला टांगून मातीत हात घालायचा. वाडीतली माणसं आपापल्या घरचा पाट त्याच्याकडे आणून ठेवायची, पाटावर खडूने नाव घातलेलं असायचं, आणि त्या पाटावर त्या घरचा गणपती हळूहळू बसता व्हायचा.

बाबली उंच, खांद्याने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद. तो जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मासळीचा भाव करायला लागला की बसस्टॉपावरच्या माणसांना भाव कळायचा. स्वतः तो दुसरीपर्यंत शिकला होता, आणि दुसरी सोडली ती आपल्याला सगळं आलं म्हणून, असं तो मनापासून मानायचा. त्याची बायको सुगंधा मालवणची, मुलींच्या शाळेत सातवी झालेली. ती कमी बोलायची. गणपतीचे डोळे मात्र तीच आखायची, कारण डोळे आखताना गप्प बसावं लागतं आणि ते बाबलीला जमत नसे.

नवं महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वाडीतला भाई परब मुंबईला सचिवालयात कारकून होता. मे महिन्यात तो सुट्टीवर आला आणि आंबे खाता खाता बाबलीला म्हणाला, "बाबल्या, सरकारान नवीन योजना काढल्यान. शहराभायर चित्रकला शिकवतत त्या शाळांका अनुदान मेळतला. तुझी शाळा आसाच मा?"

"माझी शाळा गणपतीची."

"गणपतीक रंग लावतस मा? मगे झाली चित्रकला."

"आणि सरकार गणपतीक पैशे देतला?"

"सरकार शाळेक देतला, मेल्या. तू गणपतीचा नाव काढतसच कशाक?"

बाबलीच्या मांगराचं छप्पर गळत होतं. श्रावणात ओल्या मूर्ती इकडून तिकडे हलवताना दर वर्षी एखाद्या सोंडेचा बळी जायचा. कौलं बदलायची तर हाती काही उरत नसे. तेव्हा सरकार देत असेल तर आपण का घेऊ नये, एवढा सरळ विचार करून त्याने होकार दिला. भाईने मुंबईला परत गेल्यावर "माळेवाडी चित्रशाळा" या नावाने अर्ज केला आणि विद्यार्थ्यांच्या रकान्यात लिहिलं, "हंगामात चाळीसपर्यंत." ते मुलांबद्दल लिहिलं की मूर्तींबद्दल, हे भाईने पुढे कधीच स्पष्ट केलं नाही.

श्रावणात एक दिवस पुण्याकडचे परचुरे नावाचे तपासनीस कट्ट्याला एसटीतून उतरले. काळा कोट, हातात छत्री, वहाणा चिखलाने जड झालेल्या. वाटेत त्यांनी एका बाईला विचारलं, "शाळा कुठे आहे?"

"पोरांची काय गणपतीची?"

"चित्रकलेची."

"रंगवतत ती मा? ती थंय, त्या मांगरात."

परचुरे मांगराच्या दारात आले. आत ओळीने पाट मांडलेले आणि प्रत्येक पाटावर मातीचा गणपती. बहुतेकांना रंग नाही, कुणालाच डोळे नाहीत, पण सगळे ताठ बसलेले. बाबली एकाच्या पोटावर ओला हात फिरवत होता. साहेब म्हटल्यावर तो उठला आणि त्याला येत होती तेवढी पुस्तकी मराठी गोळा करून म्हणाला, "आपण यावं. बसावं. पाट रिकामा नाही, तरी देतो."

"मुख्याध्यापक कोण?" परचुऱ्यांनी विचारलं.

बाबलीने बायकोकडे पाहिलं. "मुख्य ही आहे. माती मी मळतो."

"आणि विद्यार्थी?"

"हे काय, समोर बसलेले आहेत."

परचुऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा त्या ओळींकडे पाहिलं. "उपस्थिती चांगली आहे," ते म्हणाले.

सुगंधाने पदराआड हसू दाबलं. तेवढ्यात सर आली आणि छप्पर तीन ठिकाणी गळायला लागलं. बाबली आणि सुगंधा एक पाट उचलून धावले, दुसऱ्यावर पाणी पडायला लागलं, तशी परचुऱ्यांनी आपली छत्री उघडली आणि ती त्या गणपतीवर धरून उभे राहिले. स्वतः भिजले. सर ओसरेपर्यंत सरकारी माणूस गणपतीला छत्री धरून उभा आहे ही बातमी वाडीभर गेली होती आणि पोरंबाळं बघायला जमली होती. जमली तशी ती कामालाही लागली. ही रोजची रीत होती. नवख्या पोराला उंदीर रंगवायला मिळायचा, हात जरा बसला की मोदक, मग पीतांबराची किनार. सुगंधा मागे उभी राहून एखाद्याचं बोट धरून कुंचला कसा वळवायचा ते दाखवायची.

परचुरे गुळाचा चहा पीत हे सगळं बघत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, तुमच्या भाईने सरकारला चकवलंय. पण पूर्ण नाही चकवलेलं. इथे शिकवणं चालतं. आठवड्यातून दोनदा, वर्षभर, मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालवा. मी शिफारस करतो. एकच अडचण आहे. शिकवणारा सरकारी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास हवा. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट."

"परीक्षा?" बाबलीची पुस्तकी मराठी संपली. "माझी? ती घेतलो कोण?"

"सरकार."

"सरकाराक गणपती करूक येता?"

"नाही येत," परचुरे शांतपणे म्हणाले. "म्हणून तर ते पैसे देतं. पण नियम आहे."

साहेब गेल्यावर बाबली दोन दिवस गुरगुरत होता. पण मग त्याच्यातला हट्टी माणूस जागा झाला. पोरं पास होतात ती परीक्षा आपल्याला किती जड जाणार? पुढची परीक्षा गणेशचतुर्थीनंतर होती. त्याने मालवणच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या एस्पेरांसा फर्नांडिस यांना गाठलं. या टीचर पन्नाशीच्या, बारीक, कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये असायच्या आणि कुणाचंही कौतुक करण्याआधी जरा थांबायच्या. त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चमधली मिसा झाली की या. माझ्या सोप्यावर."

बाबली दर रविवारी जाऊ लागला आणि सुगंधाला बरोबर नेऊ लागला. कारण असं, की टीचरने सांगितलेलं घरी येईपर्यंत तो विसरायचा. मग वाटेत विचारायचा, "गो, ता उभ्या रेघेचा काय म्हणाली ती?" आणि सुगंधा सांगायची. त्याला शिकवायचं म्हणून तिला आधी शिकावं लागलं.

पहिल्या रविवारी टीचरने टेबलावर एक कळशी आणि शेजारी लिंबू ठेवलं. बाबलीने कळशीचं तोंड चंद्रासारखं गोल काढलं.

"मेस्त्री, तुम्ही बसलात तिथून तोंड गोल दिसतं का?"

"दिसणा नाय. पण आसा गोल. माका ठावक आसा."

"ठाऊक आहे ते नको. दिसतं ते काढा."

"आणि पाठची बाजू? ती खंय गेली?"

"ती तुमची नाही. ती भिंतीच्या बाजूने बसेल त्याची."

बाबलीने वाकून कळशीची भिंतीकडची बाजू बघून घेतली. जगातली प्रत्येक वस्तू ज्याला त्याला आपली थोडी बाजू दाखवते, बाकीची राखून ठेवते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग टीचरने छाया दाखवली. उजेड डावीकडून आला की उजवीकडे काळोख, मधे हळूहळू उतरत जाणारा रंग. लिंबू कागदावरून उचलून घ्यावंसं दिसायला लागलं. बाबलीला वेड लागायचंच बाकी राहिलं.

तो जेवताना भाताच्या मुदीची सावली बघायचा. एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिल उभी धरून तो सगळ्या जगाची मापं घ्यायला लागला. शेजारच्या रुक्मिणीने तक्रार केली की मेस्त्री विहिरीवर आपल्याला डोळा मारतो. सुगंधाने समजावलं, "तुका नाय गो मारणत. तुझ्या घागरीक मारतत." एकदा कट्ट्याच्या वळणावर तो असाच हात पुढे करून येणाऱ्या एसटीची उंची मोजत होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "खंय जावचा?"

"खंय नाय. तुमी जरा मागे घेवा, चाक दिसणा नाय."

कंडक्टर काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण मग चतुर्थी आली. त्या वर्षी बाबलीने रंगकाम करताना सगळ्यांना मांगरातून हाकलून लावलं. सुगंधाने डोळे तेवढे आखले होते, तेही रंगाचा शेवटचा हात मारायच्या आधी. चतुर्थीच्या आदल्या सकाळी माणसं गणपती न्यायला आली, दार उघडलं आणि सगळे उंबऱ्यावरच थांबले. प्रत्येक गणपतीची डावी बाजू उजळ गुलाबी होती आणि उजवी बाजू निळसर, करडी, पाठीकडे तर जवळजवळ काळी. चाळीस गणपती, अर्धे उजेडात, अर्धे अंधारात.

वाडीतले सगळ्यांत वडीलधारे दाजी गावडे. ते काठी टेकत पुढे झाले, आपल्या नावाच्या पाटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाबल्या, ह्येका काय झाला? वारा गेलो काय अंगावरसून?"

"दाजीनू, ती सावली."

"कोणाची?"

"त्येचीच. उजेड खिडकीतसून डाव्या अंगान येता, म्हणान उजवी बाजू काळोखात."

"माझ्या घरात खिडकी उजव्या अंगाक आसा!"

मागून कुणी म्हणालं, आमच्या माजघरात खिडकीच नाय, मग आमचो गणपती सगळोच काळो व्हयो होतो. कुणी हसलं, कुणी चिडलं. उद्या पूजा, आज हे असं. बाबली मोठ्याने समजावत होता, लिंबाचं उदाहरण देत होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढत होता. शेवटी सुगंधा त्याच्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "अवो, कागद सपाट आसता म्हणान थंय सावली काढूची लागता. हो मातीचो. ह्येच्यार सावली आपसूक पडता. तुमी आणखी कित्याक लावतास?"

बाबलीचा हात हवेत होता तो तिथेच राहिला. त्याने दाजींच्या गणपतीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा गणपतीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच खाली बसून, इतक्या हळू आवाजात की जवळच्यांनाच ऐकू गेलं, तो म्हणाला, "खरा गो."

त्या दिवशी वाडीतल्या बायका स्वयंपाक सासवांवर टाकून मांगरात आल्या. सुगंधाने गुलाबी रंग कालवला, सगळ्यांना एकेक कुंचला दिला, आणि दिवस मावळायच्या आत सगळे गणपती दोन्ही बाजूंनी उजळले. एकटा सत्यवान परब मात्र अडून बसला. त्याच्या घरात खिडकी नेमकी डावीकडे होती आणि त्याला तो सावलीचा गणपतीच आवडला होता. त्याने तो तसाच नेला. त्याच्या शेजारचा पेद्रू ख्रिस्ती, त्याच्याकडे गणपती नाही, पण शेजाऱ्याचा हा नवा गणपती तो दिवसातून दोनदा बघून यायचा आणि लोकांना बोलावून दाखवायचा.

मग परीक्षा आली. मालवणच्या हायस्कुलात केंद्र होतं. टीचरने बाबलीच्या नावाबरोबर सुगंधाचंही नाव घालून टाकलं होतं. विचारलं नव्हतं. "इतके रविवार बसलीस, आता आणखी एक दिवस बस," एवढंच म्हणाल्या. बाबली पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला. पहिल्या दिवशी वस्तुचित्र बरं झालं. भूमितीच्या पेपरात त्याने कंपासपेटी उघडलीच नाही. वर्तुळ हाताने, एका फटक्यात काढलं. पर्यवेक्षकाने वाकून सांगितलं, "कंपास वापरायचा असतो. रेघा दिसायला हव्यात."

"वर्तुळ बरोबर आसा काय नाय?"

"असेल, पण ते कसं काढलंत ते दिसायला हवं."

"तुमी समोर उभे होतास. बघलास नाय?"

स्मरणचित्राला विषय आला, "रेल्वे स्टेशनवरील गर्दी." आता आमच्या भागात रेल्वे कुठली? मुंबईला जायचं तर बोट नाहीतर एसटी. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तोंडात पेन्सिली घातल्या. बाबलीला भाईने कधीतरी सांगितलं होतं की आगगाडी म्हणजे एकामागे एक जोडलेले डबे. त्याने न डगमगता सहा एसटी काढल्या, त्या सुंभाच्या दोरीने एकमेकींना बांधल्या आणि सगळ्यांत पुढच्या गाडीवर चुलीतून निघतो तसा धूर काढला. दोरीच्या गाठी अगदी पक्क्या होत्या. सुगंधाने वेगळाच मार्ग काढला. स्टेशन माहीत नसलं तरी गर्दी माहीत होती. तिने फणस डोक्यावर घेतलेला माणूस काढला, कडेवर मूल घेतलेली बाई, ट्रंकेवर बसलेली म्हातारी, माणसांची इतकी दाटी केली की गाडी मागे झाकून गेली आणि वर फक्त धुराचा एक लोट उरला.

निकाल लागला. सुगंधा पास. बाबली नापास, भूमितीत आणि स्मरणचित्रात.

तो घरी येऊन मांगरात जाऊन बसला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही. सुगंधा ताट घेऊन तिथेच गेली.

"तुमका राग इलो?"

"राग नाय," तो म्हणाला. मग ताट पुढे ओढून, "त्या दोरीचा तेंका समाजला नसतला."

"नसतला," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. मग दोघंही हसायला लागली, आणि बाबलीचं हसू कसं असायचं ते वाडीला माहीत होतं. दाजी आपल्या घरातून ओरडले, "पास झालो काय रे?"

"बायल झाली!" बाबलीने तिथूनच उत्तर दिलं. त्या आवाजात दुःख शोधूनही सापडलं नसतं.

दुसऱ्या वर्षी सुगंधा इंटरमिजिएटही पास झाली. परचुऱ्यांनी शिफारस केली आणि अनुदान आलं. आलं म्हणजे जूनमध्ये यायचं ते मार्चमध्ये आलं, आणि पुढेही ते कधी वेळेवर आलं नाही, पण मांगरावर नवी मंगलोरी कौलं चढली, कागद आले, रंगाच्या पेट्या आल्या. बुधवारी आणि शनिवारी वर्ग भरायला लागला. सुगंधा शिकवायची. बाबली पोरांना माती मळायला शिकवायचा आणि उरलेला वेळ मागच्या ओळीत बसून पुढच्या परीक्षेची तयारी करायचा. कारण त्याने परीक्षा सोडली नव्हती. दर वर्षी वर्गातली पोरं बसायची, तोही बसायचा, पोरं पुढे जायची आणि तो नव्या पोरांबरोबर राहायचा. सुगंधा त्याच्या वहीवर इतर पोरांसारखाच शेरा मारायची. "घाई करू नये." तो वर्गात तिला "बाई" म्हणायचा आणि घरी गेल्यावर भांडायचा. "चार पोरांसमोर माका घाई करू नये म्हणतस?"

"मगे करू नकात."

पाचव्या खेपेला, सन पासष्टला, बाबली मेस्त्री एलिमेंट्री पास झाला. कंपास वापरून. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ते वजन पेलणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यानेच दोन पोरांना खांद्यावर घेतलं आणि वाडीत फिरून आला. इंटरमिजिएटच्या वाटेला तो गेला नाही. म्हणाला, एका घरात एक पुरे.

वर्गातली जानकी घोगळे नावाची मुलगी दोन्ही परीक्षांत वरच्या श्रेणीत आली. बाप खलाशी, बोटीवर असायचा, आई भात कांडायला जायची. अडुसष्ट साली तिला मुंबईला चित्रकला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. वाडीत पुष्कळ बोलणी झाली. एकटी मुलगी, एवढं लांब, चित्रं काढायला? आईचं मन होईना. सुगंधा तिच्याकडे संध्याकाळी जाऊन बसली. समजावलं वगैरे काही नाही. तिच्याबरोबर भात पाखडत बसली. उठताना म्हणाली, "भाईची बायल थंय आसा, ती बघतली. आणि नाय जमला तर जानकी परत येतली. पण जावंदे." दुसऱ्या दिवशी जानकीसाठी एक जुनी ट्रंक उन्हात घातलेली दिसली.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने ती निघाली. मालवणच्या धक्क्यावर तिला पोचवायला अर्धी माळेवाडी होती. टीचर फर्नांडिस निवृत्त झाल्या होत्या, त्याही आल्या. त्यांनी आपली जुनी लाकडी रंगपेटी जानकीच्या हातात दिली, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगला हात आहे तुझा." बाबलीने हे ऐकलं आणि सुगंधाकडे वळून कुजबुजला. त्याची कुजबुज होडीवाल्यालाही ऐकू गेली. "माका सात वर्षात एकदाव म्हणाली नाय!"

बोट खोल पाण्यात उभी होती. तिथवर न्यायला होडी लागली. जानकी बसली, ट्रंक ठेवली, आणि मग तिला रडू फुटलं. बाबली गुडघाभर पाण्यात उतरला.

"रडतस कित्याक? थंय आगगाडी आसा. पयल्यांदा जाऊन ती नीट बघ."

"बघतंय, मेस्त्रीमामा."

"आणि माका चित्र काढून धाड. डबे कशान जोडलेले असतत ता सगळा दिसाक व्हया."

होडीवाल्याने वल्हं मारलं. जानकी रडता रडता हसायला लागली. होडी लांब गेली तरी बाबली पाण्यात उभा राहून हात हलवत होता. धोतर पार भिजलं होतं. सुगंधाने धक्क्यावरून हाक मारली, "अवो, चला. कट्ट्याची गाडी चुकतली. आज बुधवार, पोरां वर्गात येवन बसतली."